मॉर्फिन चौकीवर मिळालं, तालुक्यात नाही

हवालदार संपत ढवळे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या हिवाळ्यात, एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. ठिकाण शिरूर तालुक्यातला एक खासगी दवाखाना. मी तिथे हजर होतो, म्हणून लिहितो आहे.

ढवळे स्टुलाच्या कडेवर टेकले होते. पूर्ण बसता येत नव्हतं. मूत्रपिंडातला कॅन्सर कमरेच्या हाडांत उतरला होता आणि तसे रिपोर्ट टेबलावर उघडे पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?"

"दोन," ढवळे म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. दुखण्याची साधी गोळी लिहिली, ॲसिडिटीची एक लिहिली. मी म्हणालो, "साहेब, मॉर्फिनचं काही बघता येईल का?"

ते हसले. "अहो, फौजी माणूस आहे. एवढं सोसतील ते. आत्ताच मॉर्फिन दिलं तर शेवटी काय देणार?"

बाहेर येताना ढवळ्यांनी भिंत धरली. पार्किंगपर्यंतची भिंत संपली तेव्हा माझा खांदा धरला. 

"फौजी माणूस आहे" हे लोक कौतुकानं म्हणतात. मी ते पुष्कळ ऐकलंय. पण कौतुकाच्या नावाखाली माणसाचं औषध अडवता येतं, हे मला त्या सोमवारी कळलं.

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. जवान आम्हाला 'डॉक्टरसाब' म्हणतात. डॉक्टर मी नव्हतो आणि नाही. पण उंचावरच्या चौकीवर खरा डॉक्टर खाली बेस कॅम्पला असतो आणि वर औषधांची पेटी घेऊन आमच्यातला एक जण असतो. मला एका इन्फंट्री बटालियनबरोबर अशा चौकीवर पाठवलं होतं. हिवाळ्याच्या तोंडाला रस्ता बंद व्हायचा तो उन्हाळा लागेपर्यंत उघडायचा नाही. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारानिशी सज्ज राहणं, मग बर्फ काढणं, पाणी आणणं, रेडिओ चेक, संत्री बदली, म्हणजे पहाऱ्यावरचा माणूस बदलणं. रोज तेच.

चौकीचे टूआयसी, म्हणजे कमांडरनंतरचे दुसरे, हवालदार ढवळे. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठला रं तू?"

"दौंड, उस्ताद."

"दौंड? मंग आपला पावनाच की. आमी वडगाव रासाईचं. मधी निस्ती भीमा." मग पुढचा प्रश्न आला, जो आपल्याकडे येतोच. "दौंडात कुनाचा?"

मी आडनाव सांगितलं, रेल्वे लाइनीपलीकडची आमची वस्ती सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातला चहाचा मग अर्धा पिऊन माझ्याकडे दिला. उरलेला चहा मी प्यायलो. गावाकडे हे इतक्या लवकर झालं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा 'डॉक्टर' आणि ते माझे 'उस्ताद'.

त्या चौकीवर दोन नियम होते. एक, रेडिओवर रिपोर्ट द्यायचा तो 'सब ठीक'. खरंच काही मोडलं असेल तरच वेगळं बोलायचं. दोन, रिझर्वला हात लावायचा नाही. रॉकेल, सेटच्या बॅटऱ्या, डबाबंद डाळ, साखर, प्रत्येकाचा एक हिस्सा बाजूला ठेवलेला असे. कुणी मागायला आला की ढवळे म्हणायचे, "आत्ता लागतंय ते काय लागनं न्हवं. खरं लागायचं अजून म्होरं हाय." पोरं मागे चिडवायची, की उस्तादांच्या बायकोला सणाची पुरणपोळीपण रिझर्वमधूनच मिळत असणार.

त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली. ते सांगितलं कुणी नाही. मला वासावरून कळलं. विचारलं तर म्हणाले, "ठीक हाय."

एका दुपारी पाणी आणायला गेलेल्या पार्टीवर दरड आली. सिपाही किसन वाघ खाली सापडला. साताऱ्याकडचा, हसरा. ढवळ्यांनी हातांनी दगड उपसले. दोन्ही पाय मांडीपासून चिरडले होते. किसनचा आवाज समोरच्या कड्यावरून परत येत होता. मी रेडिओ सेट हातात घेतला आणि खाली बेसच्या डॉक्टरला गाठलं.

"चार्ली फॉर डेल्टा. कॅज्युअल्टी एक. दोनों पैर क्रश. होश में है. ओवर."

"डेल्टा. साँस? नब्ज? ओवर."

"साँस ठीक. नब्ज तेज. ओवर."

"मॉर्फिन दो. माथे पे एम और टाइम लिखो. हेलिकॉप्टर मौसम खुलते ही. ओवर."

"विल्को. आउट."

मी इंजेक्शन दिलं. कपाळावर मार्करनं एम लिहिला, खाली वेळ लिहिली, म्हणजे पुढे ज्याच्या हातात पेशंट जाईल त्याला कळावं. थोड्या वेळानं कड्यावरून येणारा आवाज थांबला. किसन म्हणाला, "उस्ताद, च्या हाय का?" ढवळ्यांनी रिझर्वमधली साखर फोडली, चहा केला आणि चमच्यानं त्याचे ओठ ओले केले. मौसम खुलला नाही. हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी उतरलं, तेव्हा किसन गेलेला होता. पण ओरडत गेला नाही.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण आहे. जिथे पक्षी दिसत नाही तिथे, रस्ता बंद असताना, एका साध्या शिपायाला मॉर्फिन मिळालं. सेटवर दोन वाक्यं बोललो तेवढ्यात मिळालं. कुणी त्याला विचारलं नाही की मर्द आहेस ना, सोस.

पुढे माझ्या कानाचा पडदा फाटला आणि मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. आता मी दौंडला आरोग्याच्या हक्कांचं काम करतो. पत्रकं लिहितो, वाटतो, साहेबांच्या दारात उभा राहतो. ढवळे पेन्शनवर आले आणि कुरकुंभच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले. कंबर दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले शिफ्टमुळे. तेही म्हणाले शिफ्टमुळे.

त्या सोमवारनंतर सुनंदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला.

"भावजी, आल्यागेल्याला ठीक हाय म्हनत्यात. आन् मानसं गेली की खाटंचा खूर धरून बसत्यात. पाठच टेकत न्हाईत. दातानं उशी फाडलीया. मी काय करू?"

मी दौंडच्या मेडिकल स्टोअर्समधून फिरलो. पहिल्या दुकानात म्हणाले, "मॉर्फिन? नाही ठेवत."

"का?"

"लफडं असतंय त्यात."

"कसलं?"

"सरकारी." मग त्यानं बाहेर माझ्या गाडीवरचं निळं स्टिकर बघितलं. "तुम्हाला कशाला लागतंय पण?"

एरवी मी तिथे भाषण केलं असतं. त्या दिवशी केलं नाही. पुढच्या दुकानात गेलो. तिथेही तेच. सरकारी दवाखान्यात सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. "दादा, ऑपरेशनला लागतंय म्हणून इंजेक्शन कधीमधी असतं. गोळ्या इथं कधी आल्याच नाहीत. कुणी मागितल्याच नाहीत, तर वर काय कळवणार?" शिरूरला गेलो. मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं आणि शेवटच्या टेबलावर उत्तर मिळालं, "पुण्याला जा."

कायदा बदलून बरीच वर्षं झाली. मान्यता घेतलेल्या दवाखान्याला मॉर्फिन ठेवता येतं, देता येतं. हे मी टेबलावर कागद ठेवून सांगितलं. समोरच्यानं कागद वाचला आणि परत दिला. राग येऊन येऊनही एक वेळ अशी येते की फक्त पाय दुखतात.

पुण्याला गाडी करून नेलं. ढवळे सीटवर बसू शकत नव्हते. मागच्या सीटवर उलटे गुडघे टेकून, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, मागच्या काचेतून हायवे बघत आले. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की ड्रायव्हर शिव्या द्यायचा. ढवळे म्हणायचे, "आरं, जाऊ दे त्याला. माल हाय त्याच्याकडं."

तिथल्या वेदना विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीही विचारलं, "दहापैकी किती?"

"दोन."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वहिनींकडे वळल्या. "ताई, हे झोपतात कसे?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं.

"सुनंदा," ढवळे म्हणाले. स्टँड-टूला पोरांना गप्प करायचा तोच आवाज.

"न्हाई ऐकायची आज," वहिनी म्हणाल्या. "मॅडम, हे झोपतच न्हाईत. लेकीचा फोन आला तर घेत न्हाईत, आवाज कापतोय म्हनून. परवा मला म्हनले, मला भीमेत सोडून ये. ह्यो दोन न्हाई, मॅडम. ह्यो दोन कशाचा?"

ढवळे खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या. घड्याळ लावून चार-चार तासांनी, दुखो न दुखो. पोट साफ व्हायचं औषध बरोबर, न चुकता. "दुखायची वाट बघायची नाही. एवढ्या आजारात व्यसनाची भीती घालून घ्यायची नाही. कमी पडलं तर मला फोन करा, आपण वाढवू." हे त्यांनी ढवळ्यांना सांगितलं, मग वहिनींना, मग मला.

मला वाटलं काम झालं.

आठवडाही झाला नसेल. जेवणाच्या वेळेला वहिनींचा फोन आला. त्यांनी फोन नुसता खाटेजवळ धरला. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, कड्यावरून परत येणारा.

भीमेचा पूल ओलांडून मी वडगावात पोहोचलो. ओसरीवर ढवळ्यांचे चुलते आप्पा बसले होते. मला बघून म्हणाले, "ही तुमची अफूच मानवली न्हाई त्येला. आमच्या घरात कुनी अफू खाल्ली न्हाई आन् ह्या पोराला तू..."  धोतरानं डोळे पुसले.

आत ढवळे गुडघ्यांवर होते. कपाळ खाटेच्या काठावर. मी विचारलं, "सकाळची गोळी कधी घेतली?"

वहिनी म्हणाल्या, "मी दिली की. त्येंच्या हातात दिली. रोजच देती."

"गिळताना बघितली?"

 ढवळ्यांनी एक हात उशीच्या खोळीत घातला आणि तंबाखूची जुनी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. डबीत अर्ध्या तोडलेल्या गोळ्या होत्या. बऱ्याच होत्या.

"हे काय आहे, उस्ताद?"

"रिझर्व," ते म्हणाले. दात आवळून, एकेक शब्द. "पुन्यावरनं आनायच्या. रस्ता बंद झाला तर? आत्ताचं दुखनं काय... खरं दुखनं... अजून म्होरं हाय."

अर्धी गोळी, तीही एक वेळ सोडून एक. खरा हल्ला येईल तेव्हा साठा हवा, म्हणून हा माणूस रोजचा हल्ला उघड्या छातीवर घेत होता. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. आणि मला ती चूक म्हणवतही नव्हती. कारण रस्ता खरंच बंद होता. इथून पुण्यापर्यंत एकाही कपाटात ती गोळी नव्हती.

मी बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितली तेवढी मात्रा दिली, त्यांनी सांगितलं तेवढा वेळ थांबलो, परत फोन केला, परत दिली. आप्पा दारात उभे राहून बघत होते. संध्याकाळची गुरं परत येईपर्यंत ढवळे कुशीवर कलंडले. घाम पुसला. म्हणाले, "डॉक्टर, तू लई वरडून बोलतोस फोनवर. गावाला कळलं सगळं."

"कान गेलाय माझा, उस्ताद. तुमच्यासारखं दोन म्हणत नाही मी."

ते हसले. तेव्हा मी विचारलं, "चौकीवर संत्री कधी उभा करायचो आपण? दुश्मन दिसल्यावर?"

"येडा का खुळा तू? दिसल्यावर करून काय उपेग? आधीच पायजे."

"आणि दुश्मन आला नाही, रात्र शांत गेली, तर संत्री फुकट गेला?"

"फुकट कसा? त्यो हाय म्हनूनच शांत गेली."

"त्याची ड्यूटी संपली, बदली आला नाही, तर?"

 ढवळ्यांनी डबीकडे बघितलं.  उत्तर त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

"म्हंजी मी संत्री झोपवून ठेवलं व्हतं," ते म्हणाले. "डबीत." मग विचारलं, "आन् सप्लाय?"

"सप्लाय माझ्याकडे. तुम्ही रिझर्व ठेवायचं नाही. संपायच्या आत पुढच्या गोळ्या या घरात आल्या नाहीत तर माझं कोर्ट मार्शल करा."

"करीन," ते म्हणाले. "सुनंदा, आजपासनं तू गार्ड कमांडर. बदलीची टाइम चुकली तर मला बी सोडायचं न्हाई."

"पगार काय देनार?" वहिनी म्हणाल्या.

"पेन्शन तुझ्याकडंच हाय की सगळी. आनखी काय?"

दुपारची बदली आप्पांनी मागून घेतली. त्यांच्याकडे चावीचं घड्याळ होतं आणि ते कुणाच्याही मोबाइलपेक्षा बरोबर चालतं असं त्यांचं म्हणणं होतं. वेळ झाली की ते गोळी तळहातावर घेऊन खाटेसमोर उभे राहायचे. "आ कर. दाव जीभ. उचल जीभ." फौजेत कुणी ढवळ्यांशी असं बोललं नव्हतं. वहिनी पदर तोंडात धरून हसायच्या.

ढवळे पाठीवर झोपले. घोरले. घोरण्याचा आवाज ओसरीवर आला तेव्हा आप्पांनी रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी फाटलेली उशी उसवून कापूस उन्हात टाकला.

बरे ते होणार नव्हते. बरे होतील असं कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. पण त्यानंतर जे दिवस मिळाले त्यात त्यांनी लेकीशी फोनवर तासन्‌तास भांडण केलं, नातवाच्या नावावरून. उसाला तोडणीची टोळी वेळेवर आली नाही म्हणून खाटेवरून आरडाओरड केली. माझ्या पत्रकातल्या चुका काढल्या. "लई लांब लिवतोस. आर्डर एका वाक्यात आसती." मात्रा दोनदा वाढवावी लागली. एका फेरीला पुण्याचा साठाच आला नव्हता. पुढच्या दिवशी मी परत गेलो. हायवे, ट्रॅफिक, रांग, सही, परत. अंग आंबून जायचं. पण मला मोटारसायकल होती, फौजेतले चार शब्द येत होते, त्या बाईंचा नंबर होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं काय होतं? तो खाटेचा खूर धरतो. तुमच्या आळीत आत्ता कुणीतरी धरला असेल.

हवालदार संपत ढवळे सकाळी गेले, भाकरी भाजायच्या वेळेला. पाठीवर झोपलेले होते. वहिनींनी हाक मारली, ओ आली नाही. आप्पा माझी वाट बघत घड्याळ हातात धरून बसले होते. मला म्हणाले, "शेवटची बदली येळेवर झाली बघ." तिरंगा आणायला कुणी नव्हतं, पेन्शनर होते ना. गावातले दोन माजी सैनिक आले. आम्ही तिघांनी सॅल्यूट केला. भीमेच्या काठावर अग्नी दिला.

सिपाही किसन वाघ चौकीवर गेला. हवालदार संपत ढवळे घरी गेले. दोघांनाही मी औषध दिलं. वर मला ते पेटी उघडताच मिळालं. खाली, कारखान्यांच्या, हायवेच्या, एवढ्या दवाखान्यांच्या मुलखात, मला ते आणायला जिल्ह्याच्या गावापर्यंत जावं लागलं आणि त्या अंतरात एका माणसानं उशी दातांनी फाडली. हे मी कुणालाही माफ करणार नाही.

आता तुमचं काम. या आठवड्यात तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. तुमच्या घरी कुणी आजारी असलं पाहिजे असं नाही. अधीक्षकांना भेटा आणि विचारा, कॅन्सरच्या पेशंटसाठी मॉर्फिनच्या गोळ्या इथे आहेत का. नसतील तर एका वाक्यात लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका, आणि "पुण्याला जा" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.